खालची पायरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी "महागाई" असे म्हटले आणि त्यांचे चेहरे जरा उतरले. त्यात त्यांचा दोष नाही. महागाईवर बोलायला व्याख्याता आणावा लागत नाही. मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलेला कोणीही गृहस्थ परत येताना या विषयावर अर्धा तास सहज बोलतो, आणि माझ्यापेक्षा अधिक तळमळीने बोलतो. म्हणून मी विषय थोडा आवळून घेतला आहे. भाव वाढतात हे आपण सारे जाणतो. पण भाव वाढत असतानाच, त्या भावात पूर्वी जे पदरात पडत होते त्यातले थोडे थोडे काढून घेतले जाते, त्याचा मात्र बोभाटा होत नाही. आजचे बोलणे या काढून घेण्याविषयी आहे.

आधी सोपे उदाहरण घेऊ. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा पुष्कळ वर्षे पाच रुपयांचाच राहिला आहे. कारखानदाराला पक्के ठाऊक असते की किंमत सहा रुपये केली तर गिऱ्हाईक दुकानात थबकेल, आणि वर सुट्या रुपयाची पंचाईत. म्हणून तो किंमतीला हात लावीत नाही, पुड्यात हात घालतो. किंमत पाच रुपये, कागद तोच, कागदावरचे चित्र तेच. आत बिस्किटे कमी. पूर्वी चहा, बिस्किटे यांसारख्या काही मालाच्या पुड्यांची वजने नियमाने ठरवून दिलेली होती. २०२१ साली केंद्र सरकारने ते नियम बदलले, वजनांची ती यादीच काढून टाकली आणि तिच्या जागी पुड्यावर ग्रॅममागचा किंवा किलोमागचा भाव छापण्याची सक्ती आणली. सक्ती चांगली आहे. तो भाव वाचायला आमच्यासारख्यांना भिंग घेऊन बाजारात जावे लागते, एवढीच काय ती अडचण.

पण पुड्याचे निदान वजन छापलेले असते. ज्याला हिशेब करायचा तो करू शकतो. सेवेचे काय? रेल्वे, टपाल, एस.टी., बँक यांनी कालपर्यंत दिलेले आज दिले नाही, तर त्याचे वजन कोण छापणार? दरपत्रकात वाढलेला दर दिसतो. गळलेली ओळ दिसत नाही. कारण ती तिथे नसतेच! आणि मला असे दिसून आले आहे की अशी जी ओळ गळते ती बहुधा सर्वांत खालची असते. जिन्याचे कठडे रंगवले जातात, वरच्या पायऱ्यांवर गालिचे येतात, आणि तेवढ्यात खालची पायरी कोणीतरी काढून नेतो. ज्यांचे पाय लांब आहेत ते दुसऱ्या पायरीवर सहज पाय ठेवतात आणि म्हणतात, जिना पूर्वीपेक्षा छान झाला. ते खोटे बोलत नाहीत. पण ज्याचा पाय तिथवर पोचत नाही तो अंगणातच उभा राहतो.

आपल्या या किनाऱ्यावर प्रवासाच्या पायऱ्या प्रथम दाखवल्या त्या आगबोटीने. वरचा वर्ग होता, आणि डेक होता. डेकचा उतारू म्हणजे एक पथारी, एक ट्रंक, फणसाचे ओझे आणि शेजारी ओकारी काढणारे कोणाचे तरी पोर. ते सोन्याचे दिवस होते असे मी मुळीच म्हणणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्यांना जुने ते सारे गोड वाटते त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. परंतु डेक नावाची एक पायरी होती, आणि गिरणीत साचा चालवणारा माणूस त्या पायरीवर पाय ठेवून घरी येत असे, हेही तितकेच खरे. पुढे रस्ते झाले, एस.टी. आली, बोट बंद झाली.

आता समुद्राची वाट पुन्हा उघडते आहे. २०२५ साली मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला जाणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा झाली. बातमी वाचून आनंद झाला. जयगड म्हणजे आपले घरच. मग दर वाचले. सर्वांत खालच्या वर्गाचे जाहीर झालेले भाडे २५०० रुपये, सर्वांत वरच्याचे ९००० रुपये. ज्याला मोटार घेऊन गणपतीला यायचे आहे त्याची सोय होईल, आणि होवो. पण समुद्र परत आला तरी डेक परत आला नाही, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

आता रेल्वेकडे वळतो. तिथे थोडा रेंगाळणार आहे, कारण रेल्वे आपली आहे. इतर कुठल्याही प्रांताला रेल्वे इतकी आपली वाटत नसेल. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ निघाले आणि २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग खुला झाला. त्याआधी कित्येक वर्षे अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्यांनी या रेल्वेसाठी वाणी झिजवली होती. कलमे गेली, घरे गेली, डोंगर पोखरले गेले. महामंडळाने रोखे काढून पैसा उभा केला. तो फेडायचा म्हणून या मार्गावर प्रवाशाचे भाडे मोजताना अंतर चाळीस टक्के फुगवून धरण्याची पद्धत पडली, म्हणजे शंभर किलोमीटर प्रवास केला तर पैसे एकशेचाळीसचे. बांधणीच्या काळात लोकांनी हे समजून घेतले. घर बांधताना कर्ज काढावेच लागते. पण पाव शतक उलटून गेले, विजेच्या तारा आल्या, आणि २०२५ साली या महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला महाराष्ट्रानेही संमती दिली; तरी फुगवलेल्या किलोमीटरची हवा काढावी ही मागणी अजून करावीच लागते आहे.

या वाढीव भाड्याच्या बदल्यात कोकणी माणसाने काय मागितले? गाडी मुंबईतून सुटावी, गावाजवळ थांबावी, आणि तिच्यात चढता यावे. एवढेच. दादर-रत्नागिरी पॅसेंजर हे या मागणीचे उत्तर होते. संथ गाडी. भोके, उक्षी, कडवई, सावर्डे, अंजनी अशा, वेगाने जाणाऱ्या गाड्या ज्यांची नावेही वाचत नाहीत त्या स्थानकांवर ती थांबे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशातल्या सगळ्याच गाड्या थांबल्या. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण साथ ओसरल्यावर ही गाडी परत आली ती दिव्याहून सुटणारी म्हणून. दादर गळले.

नकाशावर हा फरक बोटभरसुद्धा नाही. जो मोटारीने जातो त्याला वाटेल, एवढ्याशा अंतरासाठी काय ओरडता? त्याने एकदा परळच्या चाळीतून सासूबाईंना, दोन नातवंडांना आणि चार बोचक्यांना घेऊन दिव्याला जावे. लोकल गाडी पकडायची, ती ऐन गर्दीत. दिव्याला त्या गर्दीतून सामानासकट उतरायचे, पूल चढायचा, पूल उतरायचा. येताना तर अधिकच मौज: लांबचा प्रवास करून दिव्याला उतरायचे आणि पुन्हा लोकलशी झुंजायचे, नाहीतर टॅक्सीवाला मागेल ते द्यायचे. तिकिटाचा दर वाढवलेला नाही, असे रेल्वे म्हणू शकते आणि ते खरेच आहे. वाढ टॅक्सीवाल्याने केली, हमालाने केली, सासूबाईंच्या गुडघ्यांनी केली! कारण असे सांगितले जाते की मुंबईत फलाट मोकळे नाहीत, वेळापत्रकात जागा नाही. असेल. मात्र त्याच दादरहून उत्तरेकडे खास गाड्या सोडताना जागा कुठून निघते, असे कोकणातल्या प्रवासी संघटना विचारीत आल्या आहेत, आणि या प्रश्नाचे सरळ उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

याच काळात दुसरा एक चमत्कार सबंध देशात झाला. साथीनंतर ज्या पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्यांना 'पॅसेंजर' म्हणेनात. त्यांचे नाव झाले 'एक्स्प्रेस स्पेशल'. डबे तेच, स्थानके तीच, सिग्नलला मालगाडीसाठी ताटकळणे तेच. पण नाव एक्स्प्रेस, म्हणून कमीत कमी तिकीट दहा रुपयांऐवजी तीस रुपये. बारसे केले आणि भाडे तिप्पट झाले! आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. १ जुलै २०२५ ला रेल्वेने उघडपणे भाडेवाढ केली. साध्या मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरमागे एक पैसा. मुंबईहून रत्नागिरीला येणाऱ्याला चार-पाच रुपये जास्त पडले असतील. त्या चार-पाच रुपयांवर वर्तमानपत्रांत पहिल्या पानाचे मथळे आले. दहाचे तीस झाले तेव्हा मथळे फारसे आले नाहीत, कारण ती भाडेवाढ नव्हतीच. तो नामकरणविधी होता.

महागाई मोजणाऱ्या तज्ज्ञांनाही इथे फसायला होते. त्यांच्या यादीतली एखादी वस्तू मिळेनाशी झाली की तिच्या जागी ते दुसरी धरतात आणि जुन्या-नव्या किमतींचा सांधा जुळवून घेतात. शास्त्राला ते करणे भाग आहे. पण ज्याचा दहा रुपयांचा रस्ताच बंद झाला त्याच्या खिशातला खड्डा त्या सांध्यात बुजून जाण्याचा पुष्कळ संभव असतो. आपल्याला वाटते महागाई अमुक टक्के आणि सरकार म्हणते तमुक, या वादात दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात, त्या अशा.

वृद्धांची सवलत हा याचा आणखी एक प्रकार. साठ वर्षांवरच्या पुरुषांना भाड्यात चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरच्या स्त्रियांना पन्नास टक्के सूट असे. मार्च २०२० मध्ये ती थांबवली. कारण दिले ते असे की साथीच्या दिवसांत वृद्धांनी प्रवास करू नये. कारण पटण्याजोगे होते. साथ गेली, कारण गेले, वृद्धांनी प्रवास करायला हरकत राहिली नाही; पण पाच वर्षे उलटल्यावरही सवलत परतली नव्हती. मी कोणावर हेत्वारोप करीत नाही. सवलत दानधर्म आहे की हक्क, यावर वाद होऊ शकेल. पण तात्पुरते म्हणून काढलेले कायमचे करायचे असेल तर तसा ठराव करून, कारणे देऊन, उजळ माथ्याने करावे. झोपलेल्या माणसाच्या उशाखालची उशी काढून घेण्यासारखे ते होऊ नये.

इथे कोणी म्हणेल, अहो, जग बदलते, जुन्या सोयी जाणारच. कबूल. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. सोय बंद झाली तेव्हा तिच्यापुढे रांग होती का? तारेचे पाहा. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तार बंद झाली. त्याआधी दोन वर्षे, म्हणजे २०११ साली, तारेचे दर साठ वर्षांनी वाढवले होते. पण तार दरवाढीने मेली नाही. ती टेलिफोनने मेली, आणि टेलिफोन गवंड्याच्या आणि भाजीवालीच्या हातात पोचल्यावर मेली. शेवटच्या दिवशी तारघरापुढे गर्दी झाली ती हौशी लोकांची, आठवण म्हणून तार करणाऱ्यांची. तारेसाठी मी अश्रू ढाळणार नाही. आणि आमच्या घरात तार आली की आधी बायकामाणसे रडायला लागत आणि मग ती वाचली जाई, हे आठवले तर तशी फारशी हुरहुरही वाटत नाही. उलट दिव्याच्या फलाटावर जाऊन पाहा: रांग आहे, रेटारेटी आहे, दाराला लोंबकळणारे आहेत. रांग संपल्यावर दुकान बंद करणे वेगळे आणि रांग उभी असताना फळी ओढून घेणे वेगळे.

आता टपाल. तिथे ही कसोटी लावणे थोडे अवघड जाते, म्हणून मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. मनीऑर्डर टपालखात्याने १८८० साली हाती घेतली. या जिल्ह्याला मनीऑर्डर म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. आमच्या डोंगराळ वाड्यांतून भातापेक्षा माणसेच जास्त पिकली. ती मुंबईला गेली, आणि दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन खाकी पिशवी घेऊन घाटी चढला की वाडीतल्या चुली पेटल्या. वीस रुपयांना एक रुपया असे त्याचे कमिशन असे, म्हणजे शेकडा पाच. स्वस्त नव्हते. पण त्या फॉर्मच्या खालच्या अंगाला मजकुरासाठी थोडी जागा सोडलेली असायची. चार ओळी मावतील एवढी. माझे वडील मुंबईला नोकरीत होते. त्या चार ओळींत ते तांदळाची उसनवारी फेडायला सांगत, गाय व्याली का विचारीत, आणि शेवटी माझे नाव घालून अभ्यास करतो का, असे लिहीत. आई पैसे मोजून डब्यात ठेवी, आणि ती चिठ्ठी निराळ्या डब्यात. पैशाचा डबा महिनाअखेर रिकामा होई. दुसरा होत नसे.

२०१५ साली जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद झाली. तिच्याआधी काही वर्षे तारायंत्राच्याही पुढची, संगणकावरून जाणारी मनीऑर्डर आली होती. ती लवकर पोचे. तिच्यात मजकूर मात्र आपल्या हाताने लिहायचा नव्हता. छापील ठरावीक संदेशांतला एक निवडायचा होता. आता तर मुलगा बोट टेकवतो आणि क्षणात पैसे आईच्या खात्यात पडतात, दमडीचेही कमिशन नाही. यात नुकसान झाले असे म्हणणारा माणूस अरसिकही म्हणता येणार नाही, तो अन्यायी म्हणावा लागेल. शेकड्याला पाच रुपये वाचले, ते गरिबाचे वाचले. आणि चार ओळींऐवजी आता बोलणे होते, चेहराही दिसतो.

मग माझे म्हणणे काय? म्हणणे असे की पैसे दारात येत असत, ते आता खात्यात पडतात. दार आणि खाते यांच्यात किती अंतर आहे ते राजापूर-लांज्याच्या वरच्या वाड्यांत जाऊन मोजावे. पोस्टमन घाटी चढून येत होता. आता सत्तरीची बाई घाटी उतरते, बँकेच्या शाखेपर्यंत रिक्षा करते, यंत्राशी अंगठा लावते, अंगठ्याच्या रेषा शेतात झिजलेल्या असल्या तर यंत्र तिला ओळखत नाही. कमिशन गेले, रिक्षा आली. सेवा सुधारली हे खरे, आणि सेवेचे शेवटचे अर्धे कोस आपल्या पायांवर टाकले गेले हेही खरे. तिला बोट टेकवता येते तिच्या मुलाला सुधारणा मिळाली. तिला पायपीट मिळाली. टपालखात्याची एक बँक निघाली आहे आणि तिचा पोस्टमन घरी येऊन पैसे देऊ शकतो, हे मला माहीत आहे. ही खालची पायरी परत बसवण्याचीच धडपड आहे, म्हणून तिचे स्वागत करतो. ती किती वाड्यांत पोचते हे आपण आपापल्या वाडीत विचारावे.

रजिस्टर टपालाची गोष्ट मात्र अगदी ताजी आहे, आणि तिथे आकडे स्वच्छ आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. 'बंद' हा शब्द कोणी वापरला नाही; 'विलीन' हा शब्द वापरला, जसा नदी सागराला मिळते त्यासाठी कवी वापरतात. रजिस्टर पत्राला घाई नसे. ते सावकाश जाई, पण ज्याच्या नावाचे त्याच्याच हातात पडे आणि त्याची सही घेई. खंडकऱ्याची नोटीस, सामाईक जमिनीतल्या भावांची भांडणे, सोसायटीची तक्रार, बडतर्फ कारकुनाचे अपील, या सगळ्याला वेग नको होता, पुरावा हवा होता. असे हलके पत्र करसुद्धा धरून साधारण २५ रुपये ९६ पैशांत जाई. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने पन्नास ग्रॅमपर्यंतचे पत्र गावाबाहेर पाठवायचे तर ४७ रुपये, त्याच्याच हाती द्यावे म्हणून वर ५ रुपये, आणि त्यावर अठरा टक्के कर. बेरीज ६१ रुपये ३६ पैसे. गावातल्या गावात पाठवले तर हाच हिशेब २८ रुपये ३२ पैसे होतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण गावातल्या गावात नोटीस कोण पाठवतो? भाऊ मुंबईला असतो.

या बदलाच्या बाजूने म्हणण्यासारखे आहेच. पत्र आता लवकर पोचते, वाटेत कुठे आहे ते कळते. परंतु ज्याला घाई नव्हती त्यालाही घाईचे पैसे मोजावे लागतात. चालत जाणाऱ्याला सक्तीने टांग्यात बसवायचे आणि भाडे वसूल करताना सांगायचे की पाहा, तुम्ही किती लवकर पोचलात!

तोट्याचा प्रश्न मी टाळणार नाही. या सभेत हिशेब जाणणारी मंडळी बसली आहेत. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड पोचवायला पन्नास पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. रेल्वेची साधी तिकिटे तोट्यातच जातात. एस.टी.चा संचित तोटा कोट्यवधींचा आहे. ही संस्था चालायची कशी? माझे उत्तर साधे आहे. तोटा असेल तर भाव वाढवा, पण पायरी ठेवा. दहा रुपयांचे तिकीट पंधराचे करा; लोक कुरकुरतील, दोन दिवस सभा होतील, आणि देतील. कोकणी माणूस कुरकुरतो फार, पण बुडवीत नाही. पंधरा रुपये देणाऱ्याला आपण काय देतो आणि काय घेतो ते कळते, तीस रुपये परवडले तर तो आपखुशीने वरच्या डब्यात जातो. दहाचे तिकीटच नाहीसे करून तीसचे हाती ठेवले, की निवड उरत नाही, आणि जिथे निवड नाही तिथे भाव हा भाव राहत नाही, तो जिझिया होतो.

आणि मागितले तर मिळत नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पॅसेंजर गाड्यांचे ते दहा रुपयांचे तिकीट पुन्हा सुरू झाले. निवडणूक जवळ आली होती म्हणून झाले, असे कोणी म्हणेल; म्हणू द्यावे, निवडणुका त्यासाठीच असतात. त्याच वर्षी गाड्यांना हजारभर सर्वसाधारण डबे जोडण्याचे रेल्वेनेच जाहीर केले. आदली काही वर्षे अनेक गाड्यांतले साधे डबे कमी करून वातानुकूलित वाढवण्याचा कल होता, त्यावर ही कबुलीच म्हणायची.

शेवटी एस.टी.विषयी, कारण उद्या सकाळी आपल्यापैकी निम्मे तिच्यातच बसणार आहेत. एस.टी.चे भाडे २५ जानेवारी २०२५ पासून जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. पण एस.टी.ने दुसरेही काही केले आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. रेल्वेने जी पायरी काढली ती एस.टी.ने बसवली, आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: बाजाराच्या दिवशी गाडीत आता पदर जास्त आणि टोप्या कमी. परंतु अर्धे तिकीट गाडीत बसल्यावर लागते. गाडीच आली नाही तर? २०२१ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप चालला. त्या संपात ज्या फेऱ्या थांबल्या त्यांतल्या गावोगावच्या सगळ्या परतल्या नाहीत. आणि त्यातही वस्तीची गाडी.

शहरातल्या तरुणांसाठी सांगतो. वस्तीची गाडी म्हणजे जी संध्याकाळी आगारातून निघते, रात्री शेवटच्या गावात मुक्काम करते आणि पहाटे तिथूनच निघून शहरात येते. तिच्यातून अकरावी-बारावीच्या मुली कॉलेजला येतात, रुग्ण सिव्हिल हॉस्पिटलला येतो, आणि साक्षीदार कोर्टाच्या वेळेला हजर होतो. एस.टी.चा अधिकारी भारमान पाहतो. किती आसने भरली, किलोमीटरमागे किती रुपये आले. रात्री जाताना गाडी निम्मी रिकामी असते, म्हणून भारमान पडते, म्हणून फेरी बंद होते. मग पहाटेची गाडीही जाते, कारण ती रात्रीच तिथे पोचलेली नसते. ज्या मुलीचे कॉलेज सुटते ती भारमानात कुठल्याच रकान्यात येत नाही. ती रांगेतही दिसणार नाही, कारण जिथे गाडी येत नाही तिथे रांग कोण लावतो? माझी ती कसोटी इथे अपुरी पडते, हे मला दिसते आहे. काही वेळा फळी ओढून घेतल्यावर रांग विरघळून जाते, आणि मग सांगता येते की पाहा, मागणीच नव्हती.

यावर मोठे उपाय राज्यकर्त्यांनी करावेत. मला एक लहानसा सुचतो. आगारात वेळापत्रकाचा फलक असतो. एखादी फेरी बंद झाली की ती फलकावरून पुसली जाते. ती पुसू नये. वर्षभर ती तशीच राहावी आणि तिच्यापुढे लिहावे: अमुक तारखेपासून बंद, कारण अमुक, तक्रार अमुक टेबलावर. स्टेशनात तसेच, पोस्टात तसेच. खर्च म्हणाल तर खडू. आणि ज्या गावांना वस्तीची गाडी हवी त्यांनीही आपला वाटा उचलावा. चालक आणि वाहक यांना रात्री निजायला कोरडी खोली, दिवा, प्यायला पाणी आणि सकाळी चहा एवढे गावाने दिले तर आगारप्रमुखाची निम्मी सबब तिथेच संपते. पूर्वी गावे हे करीत होती. कित्येक अजून करतात. पावसाळ्यात गळत नाही अशी शाळेची एखादी खोली बहुतेक गावांत निघते. जूनमध्ये कॉलेजे सुरू होतील, त्याआधी आगाराकडे अर्ज गेले पाहिजेत, म्हणजे हाताशी महिना-दीड महिना आहे. असा अर्ज कोणी लिहून आणला तर मसुदा तपासून द्यायला मी तयार आहे.

अध्यक्षमहाराज मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत. प्रश्न विचारायला वेळ उरावा म्हणून मी इथेच थांबतो.